युद्धस्मारकावरील नावे : इतिहासाच्या एका पाठाची मांडणी

(इयत्ता सहावी व सातवी. दोन तासिका व एक क्षेत्रभेट.)

पाठाचे प्रयोजन

पाठ्यपुस्तकात पहिल्या महायुद्धाच्या वाट्यास फारच थोडी जागा येते. १९१४ साली युद्ध सुरू झाले, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले, अमुक राष्ट्रे जिंकली, तमुक हरली, एवढे विद्यार्थी पाठ करतात. त्या युद्धाशी आपल्या गावाचा काही संबंध असेल, अशी शंकाही त्यांच्या मनास शिवत नाही. वस्तुतः सातारा, रत्नागिरी यांसारख्या जिल्ह्यांतील कित्येक गावांत चावडीच्या भिंतीत अथवा देवळाच्या आवारात त्या युद्धाची शिळा बसविलेली आहे. विद्यार्थी रोज तिच्यावरून जातात. पण ती वाचीत नाहीत.

स्मारकाची शिळा कशी वाचावी, तिच्यावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही हे कसे ओळखावे, हे शिकविणे हा या पाठाचा हेतू होय. त्यासाठी प्रथम इंग्लंडमधील एका खेड्याच्या स्मारकाची माहिती द्यावी आणि तिच्या प्रकाशात स्वतःच्या गावाकडे पाहावयास सांगावे.

पूर्वज्ञान

पाठाचा आरंभ वीरगळापासून करावा. गावाच्या वेशीपाशी किंवा जुन्या शिवालयाजवळ उभा असलेला कोरीव दगड बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. खालच्या चौकटीत लढाईत पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्यास स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. सूर्यचंद्र असेतोवर ही कीर्ती टिको, असा त्यांचा अर्थ. शिक्षकाने येथे एक प्रश्न विचारावा : "या वीराचे नाव काय?" उत्तर मिळणार नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. ज्यांनी तो दगड उभा केला त्यांना नाव ठाऊक होते. ते लिहिण्याची त्यांना आवश्यकता वाटली नसावी. ती माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर नावही गेले. नाव लिहिले नाही तर काय होते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी येथेच यावे.

विषयप्रतिपादन

(१) इंग्लंडमधील खेडे आणि त्याचे चर्च

इंग्लंडमध्ये एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील वस्तीच्या टापूस पॅरिश म्हणतात. खेड्यांत बहुधा एका गावाची एक पॅरिश असते. गावाच्या मध्यभागी दगडी चर्च आणि त्याच्या भोवती भिंतीने वेढलेले आवार असते. या आवारातच गावातील मृतांना पिढ्यान्‌पिढ्या पुरण्यात आले. आजा, पणजा, मुलगा, नातू यांची थडगी शेजारी शेजारी असावयाची. दर रविवारी प्रार्थनेला जाणारा मनुष्य आपल्या पूर्वजांच्या मधूनच वाट काढीत जाई.

पहिल्या महायुद्धाने ही रीत मोडली. ब्रिटिश बेटांतील सात लाखांहून अधिक सैनिक त्या युद्धात मृत्यू पावले. मृतदेह मायदेशी आणण्यास सरकारने १९१५ साली मनाई केली. श्रीमंत घराण्यांनी खर्च करून आपले मृत परत न्यावेत आणि गरिबांनी ते परदेशात सोडावेत, हे उचित नव्हे, असा विचार त्यामागे होता. शिवाय एवढे मृतदेह हलविणे शक्यही नव्हते. असंख्य सैनिकांचे तर देहच सापडले नाहीत. आईला फुले वाहावयास गावच्या आवारात थडगे उरले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी गावोगाव स्मारके उभी राहिली.

(२) स्मारक उभे कसे राहिले

ही गोष्ट शिक्षकाने आवर्जून सांगावी. इंग्लंडमधील खेड्यांची स्मारके सरकारने बांधून दिलेली नव्हेत. युद्ध संपल्यावर गावाने सभा भरविली, समिती नेमली, वर्गणी गोळा केली. समितीत धर्मगुरू, जमीनदार, शेतकरी आणि पुष्कळदा गावचा शिक्षकही असे. स्मारक म्हणून क्रूस उभारावा की गावासाठी सभागृह बांधावे, यावर वाद होत. चर्चच्या आवारात काही उभारावयाचे झाल्यास धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याची लेखी अनुज्ञा घ्यावी लागे.

यानंतर सर्वांत कठीण काम येई, ते नावांच्या यादीचे. जो गावात जन्मला पण नोकरीसाठी दुसरीकडे गेला, तो गावचा धरावा काय? जो युद्धातून घरी आला आणि जखमांनी वर्षभरात वारला, त्याचे नाव घ्यावे काय? यादी चर्चच्या दारावर लावीत आणि चुकले असेल ते सांगावे म्हणून गावास विनवीत. नावे पुष्कळ ठिकाणी वर्णानुक्रमे कोरली गेली. जमीनदाराच्या मुलाचे नाव गाडीवानाच्या मुलाच्या खालीही येई. एकच आडनाव लागोपाठ दोनदा, तीनदा आले म्हणजे एका घरातील भाऊ गेले, असे बहुधा समजावे.

ज्या गावचे सर्व सैनिक जिवंत परतले, अशी गावे इंग्लंड व वेल्समध्ये पन्नासहून थोडीशीच अधिक निघाली. आर्थर मी या लेखकाने १९३० नंतरच्या दशकात त्यांना 'कृतज्ञ गावे' असे नाव दिले. उरलेल्या हजारो गावांत एक तरी नाव कोरावे लागले. ब्रिटनमधील सर्व युद्धांच्या स्मारकांची नोंद इंपीरियल वॉर म्युझियम ठेवते. त्या नोंदीत एक लाखाहून अधिक स्मारके आहेत.

(३) बरवॉश गावचा दिवा

उदाहरणादाखल ससेक्स परगण्यातील बरवॉश हे गाव घ्यावे. तेथील सेंट बार्थोलोम्यू चर्चच्या आवाराच्या तोंडाशी दगडी स्मारकस्तंभ आहे. त्यावर गावच्या मृत सैनिकांची नावे कोरलेली असून माथ्यावर एक कंदील आहे. स्तंभावरील ज्या सैनिकाची पुण्यतिथी असेल त्या दिवशी हा कंदील लावण्याचा परिपाठ गावाने ठेवला. सगळ्यांसाठी वर्षातून एक दिवा लावणे सोपे होते. गावाने प्रत्येकासाठी त्याचा त्याचा दिवस राखला.

या स्तंभावर जॉन किप्लिंग हे एक नाव आहे. त्याचे वडील रुडयार्ड किप्लिंग हे प्रख्यात इंग्रज लेखक. त्यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला. त्यांचे वडील तेथील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत अध्यापक होते. १९०२ पासून किप्लिंग बरवॉश येथे राहत होते. युद्ध सुरू झाले तेव्हा मुलाने सैन्यात जावे अशी त्यांची फार इच्छा होती. जॉनची दृष्टी अधू असल्यामुळे त्यास नाकारण्यात आले. तेव्हा पित्याने आपल्या ओळखीचे वजन खर्ची घातले आणि हिंदुस्थानचे माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यामार्फत त्यास आयरिश गार्ड्स या पलटणीत अधिकारपद मिळवून दिले. २७ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समधील लूस येथील लढाईत जॉन नाहीसा झाला. त्याला अठरा वर्षे पूर्ण होऊन सहाच आठवडे झाले होते.

मातापित्यांनी इस्पितळे पालथी घातली, परतलेल्या सैनिकांना गाठून विचारपूस केली. शोध लागला नाही. १९३६ साली किप्लिंग वारले तेव्हाही मुलाचे थडगे कोठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. १९९२ साली लूसजवळच्या एका दफनभूमीतील अनोळखी अधिकाऱ्याचे थडगे जॉनचे म्हणून निश्चित करण्यात आले. त्या ओळखीवरही पुढे अभ्यासकांत वाद झाला.

हा भाग सांगताना शिक्षकाने घाई करू नये आणि टीकाही करू नये. ज्याने पाठविले तोच शोधीत राहिला, एवढे सांगून थांबावे. मुले स्वतः विचार करतील.

(४) समानतेचे तत्त्व

२१ मे १९१७ रोजी शाही सनदेने युद्धदफनभूमी आयोग स्थापन झाला. फॅबियन वेअर हे त्याचे प्रवर्तक. किप्लिंग त्याच वर्षी आयोगाचे सदस्य झाले. स्मारकांवरील लेखांची शब्दरचना त्यांच्याकडे असे. आयोगाने ठरविले की सेनापती असो वा शिपाई, प्रत्येकाचा दगड सारखाच असेल. आणि ज्याचे थडगे नाही त्याचे नाव स्मारकावर कोरले जाईल. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे हर्बर्ट बेकर यांनी योजिलेले भारतीय सैनिकांचे स्मारक १९२७ साली उघडले. त्यावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. त्यांत साध्या शिपायाचेही नाव आहे.

तुलना

येथपर्यंतचा भाग झाल्यावर शिक्षकाने नकाशा फ्रान्सवरून इराककडे न्यावा. त्या काळी या प्रदेशास मेसोपोटेमिया म्हणत. मराठी मुलुखातील पुष्कळ सैनिक तेथे लढले. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीवरील कूत या गावी तुर्की फौजेने या डिव्हिजनला वेढा घातला. अन्न संपले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. त्यांतील कित्येक बंदिवासाच्या वाटचालीत वाळवंटातच मेली.

या रणक्षेत्रात मृत्यू पावलेल्या व ज्ञात थडगे नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे १९२९ साली स्मारक उघडण्यात आले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत. भारतीयांपैकी मात्र अधिकाऱ्यांचीच नावे कोरली गेली. शिपाई, नाईक, हवालदार यांच्यासाठी पलटणीचे नाव आणि पुढे एक संख्या, एवढेच लिहिले. आयोग तोच, तत्त्व तेच. परंतु फ्रान्समध्ये ज्या शिपायास नाव मिळाले त्यास इराकमध्ये आकडा मिळाला.

या अन्यायाची चौकशी पुढे आयोगानेच नेमलेल्या समितीने केली. एप्रिल २०२१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १,१६,००० मृतांचे नावाने स्मरण झालेच नाही किंवा मुळीच झाले नाही, असा तिचा निष्कर्ष होता. यांत भारतीय, आफ्रिकी व इजिप्शियन लोकच मुख्यत्वे होते. त्या काळच्या साम्राज्यशाहीच्या वृत्तीतील वंशभेद हे त्याचे कारण म्हणून अहवालाने नमूद केले. ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये क्षमायाचना केली.

आता गावच्या शिळेकडे यावे. युद्धानंतर सरकारने ज्या गावांत शिळा बसविल्या त्यांवर बहुधा एवढाच मजकूर असतो : या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मृत्यू पावले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील सैनिकांची संख्या ४६ सांगतात. इंग्लंडच्या खेड्यात गावाने शिळा लिहिली, म्हणून तिच्यावर नावे आली. येथे कचेरीने शिळा लिहिली, म्हणून तिच्यावर बेरीज आली. शिक्षकाने फळ्यावर दोन रकाने आखून ही तुलना विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावी.

एक कठीण प्रश्न

चौकस विद्यार्थी विचारील : "गुरुजी, हे लोक इंग्रजांसाठी लढले ना? मग त्यांची आठवण आपण कशाला ठेवायची?" हा प्रश्न टाळू नये. हे सैनिक परक्या सत्तेच्या चाकरीत होते, हे खरेच आहे. कोणी कुळाची परंपरा म्हणून गेला, कोणी कोरडवाहू जमिनीने पोट भरेना म्हणून, कोणी कर्ज फेडण्यासाठी. युद्ध का झाले हे त्यांना कोणी विचारले नाही. शिळा सरकारने आपल्या विजयाची खूण म्हणून लावली असेल. पण गेलेला मनुष्य गावाचा होता आणि त्याच्यामागे रडणारे घरही गावाचेच होते. युद्धाची स्तुती करणे आणि मृताचे नाव राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली या पाठात नाही, दुसरी आहे.

वर्गात सैनिकाचे मूल असल्यास शिक्षकाने विशेष जपावे. हुतात्म्याचे मूल असल्यास पाठ घेण्यापूर्वी घरी जाऊन आईशी बोलावे.

उपयोजन : क्षेत्रभेट व नावांचा शोध

(अ) शिळेचे वाचन. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे असताना शिळेकडे जावे. अस्पष्ट अक्षरे तेव्हा उठून दिसतात. सावली असल्यास आरशाने बाजूने प्रकाश टाकावा. चुन्याखाली दबलेली अक्षरे तारेच्या ब्रशाने अथवा खिळ्याने खरवडू नयेत. पाण्याने व मऊ कापडाने पुसावे. परवानगीवाचून रंग भरू नये. वीरगळास शेंदूर असेल तर त्यास मुळीच हात लावू नये. ती गावाची पूजा आहे. मजकूर ओळीस ओळ लावून जसाच्या तसा, चुकांसह, वहीत उतरावा.

(आ) घरोघर चौकशी. आज त्या युद्धातील कोणीही हयात नाही. त्यांची मुलेही फारशी राहिली नाहीत. नातवंडे, पतवंडे आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीआजोबांना विचारावे : घरातून कोणी 'लामावर' गेला होता काय? (युद्धावर जाणे यास खेड्यांत लामावर जाणे असे म्हणत. या शब्दाच्या व्युत्पत्तीत शिरण्याचे येथे कारण नाही.) ट्रंकेत पदक, पेन्शनचा कागद, पितळी बिल्ला आहे काय? वस्तू शाळेत मागवू नये. घरीच पाहून तिचे वर्णन लिहावे.

चौकशी गावठाणापुरती ठेवू नये. वाड्या, धनगरवस्ती आणि पूर्वी गावकुसाबाहेर असलेली घरे येथेही अवश्य जावे. १११ वी महार पलटण १९१७ साली उभारण्यात आली आणि युद्धानंतर मोडण्यात आली. पलटण मोडली म्हणजे तिची आठवण ठेवणारे घरच तेवढे उरते. कागदावर ज्यांची नावे सर्वांआधी गळतात, त्यांच्याकडे शिक्षकाने सर्वांआधी जावे.

(इ) कागदोपत्री पडताळा. राष्ट्रकुल युद्धदफनभूमी आयोग (१९६० पासून आयोगाचे हे नाव आहे) याची मृतांची सूची संगणकावर कोणासही पाहता येते. बसऱ्याच्या दगडावर ज्यांची नावे नाहीत अशा भारतीय शिपायांची नावेही तिच्यात आढळतात, आणि पुष्कळदा पित्याचे नाव, गाव, तालुका व जिल्हा यांचीही नोंद असते. इंग्रज कारकुनांनी मराठी नावे ऐकतील तशी लिहिली असल्यामुळे एकच नाव निरनिराळ्या वर्णांनी शोधावे. गावाचे नावही तसेच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडेही विचारणा करावी.

(ई) नोंद. मिळालेली नावे शाळेच्या 'स्मृतिवही'त लिहावीत : पूर्ण नाव, पित्याचे नाव, वाडी, पलटण, मृत्यूचे ठिकाण व तारीख, माहिती कोणी दिली. दोन आधार मिळाल्यावाचून नाव पक्के धरू नये. एकच आधार असल्यास समोर तशी खूण करावी. शिळेवर संख्या सात असेल आणि नावे चारच सापडली, तर तीन ओळी रिकाम्या ठेवाव्यात. संख्या जुळावी म्हणून कोणाचे नाव घालू नये. रिकामी ओळ ही पुढील वर्षीच्या वर्गासाठी ठेवलेले काम होय.

संकलन

काम पुरे झाल्यावर २६ जानेवारीच्या कार्यक्रमात गावकऱ्यांसमोर विद्यार्थ्यांनी ही नावे वाचून दाखवावीत. एका विद्यार्थ्याने एकच नाव वाचावे; शक्य असल्यास ते त्याच वाडीतील मुलाने वाचावे. भाषण करू नये. बरवॉशच्या लोकांप्रमाणे दिवा लावावयाचा असल्यास ज्याची पुण्यतिथी सापडली असेल त्याच्या दिवशी शिळेपाशी पणती लावता येईल. त्यास खर्च नाही.

स्मृतिवही मुख्याध्यापकांच्या कार्यभाराच्या यादीत नोंदवावी, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी ती शाळेत राहील. रस्ता रुंद करताना किंवा चावडी नव्याने बांधताना जुन्या शिळा हलविल्या जातात आणि कधीकधी पायात जातात. ग्रामपंचायतीस शिळेची जागा लेखी कळवावी आणि त्या पत्राची प्रत वहीत चिकटवावी.

स्वाध्याय

१. बहुतेक वीरगळांवरील वीरांची नावे आज का सांगता येत नाहीत?
२. इंग्लंडमधील खेड्यांना चर्चच्या आवारात स्मारक उभारण्याची गरज का वाटली?
३. नव्ह शापेल व बसरा येथील स्मारकांत कोणता भेद आहे? तो का पडला?
४. आपल्या गावच्या शिळेवरील मजकूर जसाच्या तसा उतरा. तिच्यावर काय लिहिलेले नाही ते लिहा.
५. आपल्या वाडीतील सर्वांत वृद्ध व्यक्तीस भेटा. युद्धावर गेलेल्या एकाचे तरी नाव, त्याच्या पित्याच्या नावासह, विचारून आणा.